मेजर येतो म्हणाले

केडगावात सैन्यातून रिटायर होऊन कुणी परत आलं की तो मेजर होतो. तो हवालदार असो नाहीतर लंगरात चपात्या लाटणारा असो, ट्रंक घेऊन स्टँडवर उतरला की गल्ली त्याला बढती देऊन मोकळी होते. त्यामुळे भिंगारदिवे सर कुठल्याशा मेजरचं चरित्र लिहितायत याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. कुठला मेजर, एवढाच प्रश्न होता.

"ओहायोचा," सर सांगायचे.

"मंजी पारनेरकडचा का?" दूध घालायला येणाऱ्या बनुबाईंनी विचारलं होतं.

"त्याच्या थोडं पुढं."

मेजर हायरम प्रेंटिस मात्र खरोखरचे, सैन्याच्या कागदांतही मेजर होते. गुलामगिरीवरून अमेरिकेत जे घरगुती युद्ध पेटलं, त्यात त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं घालवली. उरलेल्या आठ बोटांच्या जोरावर ते तीनदा ओहायोच्या विधानसभेवर निवडून गेले आणि चौथ्यांदा एकोणीस मतांनी पडले. पडल्यावर त्यांनी मतदारांना दोष दिला नाही, की पक्षही बदलला नाही. यावरून ते आपल्याकडचे नव्हते हे सरांना पुरेसं स्पष्ट झालं होतं.

आपल्याकडची होती ती त्यांची बहीण. मिशनच्या कामावर ती नगरला आली, मुलींची शाळा काढली आणि इथंच मातीआड झाली. सगळे तिला मिसबाई म्हणायचे. शांतवन भिंगारदिवे सरांची पणजी तिच्याच शाळेत बाराखडी शिकली. भावाने मिसबाईला लिहिलेली पत्रं तिच्या मागे ट्रंकेतून ओहायोला परत गेली आणि तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात पडून राहिली. त्याच शहरात सरांची लेक एंजल सहा वर्षांपूर्वी नोकरीला गेली. अलीकडे काही महिने दर शनिवारी ती ग्रंथालयात जाऊन एखादं पत्र उतरवून घ्यायची आणि रात्री फोनवर वाचून दाखवायची. तिची शनिवारची रात्र म्हणजे सरांची रविवारची सकाळ. सकाळी साडेसहाला चहाचं पातेलं बाजूला सारून सर वही उघडायचे.

एकवीस वर्षांतली बावीस पत्रं झाली होती. बाविसांच्याही शेवटी, सहीच्या वर, रोमन अक्षरांत एकच मराठी शब्द: येतो.

सरांनी त्यावर चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं होतं, 'न आलेला मेजर'. माणूस अमेरिकन, त्याने अर्थ घेतला असेल तर शब्दकोशातलाच, असं सरांनी धरलं. एकवीस वर्षं येतो म्हणतो आणि येत नाही, इकडे बहीण वाट बघत म्हातारी होते. चर्चमधल्या स्टीफन मास्तरांनी प्रकरण ऐकून निकाल दिला होता, "पुढारीच ना तो? आश्वासन दिलं असंल." सरांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. ते चिडले कशावर, हे मास्तरांना कळलं नाही. एंजलही दर फोन "येते, पप्पा" म्हणूनच ठेवायची आणि सहा वर्षांत आली नव्हती. व्हिसाचे कागद अडकले होते. एकदा बाहेर पडली तर परत घेतील याची खात्री नव्हती. कधी येतेस, हे सरांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ते मेजरला विचारत बसले होते.

त्या रविवारी एंजलचा आवाज वेगळा लागला.

"पप्पा, एक पत्र भलत्याच फायलीत होतं. सगळ्यात पहिलं आहे. वाचू?"

"वाच की. त्यासाठीच बसलोय."

ती मराठी करत करत वाचू लागली. "'तू लिहितेस, तुझ्याकडच्या बायका निघताना जाते असं म्हणत नाहीत. तो शब्द त्या मेलेल्या माणसासाठी ठेवतात. पाय उंबऱ्याबाहेर पडला तरी येते म्हणतात. मला हे फार आवडलं. समुद्र ओलांडण्याची प्रकृती माझी राहिली नाही, आणि तू शाळा सोडून यायची नाहीस. आपली भेट आता नाही, हे आपण दोघंही जाणतो. पण यापुढे माझं प्रत्येक पत्र मी त्याच शब्दाने संपवीन.'"

बाहेर बनुबाईंनी दाराची कडी वाजवली, पातेल्यात दूध ओतलं, सरांचं तोंड पाहिलं आणि "मेजर गेला का काय?" असं हळूच विचारून निघून गेल्या.

"चाळीस पानं गेली," सर फोनवर म्हणाले.

"सॉरी पप्पा."

"मराठी शिकवली मी चौतीस वर्षं. दारातून निघणारा येतो म्हणतो, हे मला ओहायोच्या माणसाने सांगावं?"

ती हसली, पण अर्धवट. मग सरांनी इतके महिने वहीत जे लिहिलं ते तोंडाने विचारलं.

"बाळा, तू फोन ठेवताना म्हणतेस ते मेजरसारखं, की खरंच?"

ती म्हणाली, "मला माहीत नाही, पप्पा. कागदांचं देवाशप्पथ माहीत नाही. यायचंय. एवढंच माहीत आहे."

"बरं."

"रागावलात?"

"नाही गं." सरांनी वही मिटली. "बरं झालं विचारलं. तो बिचारा उगाच बोलणी खात होता."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. नऊची उपासना, आणि अंघोळ व्हायची होती.

"चर्चला उशीर होईल तुम्हाला. ठेवू?"

"ठेव."

तिने ठेवला नाही. ठेवायचा तर काहीतरी म्हणावं लागणार होतं. जाते म्हणणं दोघांच्याही घराण्यात नव्हतं, म्हणजे एकाच घराण्यात नव्हतं. आणि येते म्हणायची तिला आता भीती वाटत होती.

"तुम्ही ठेवा."

"मी काय म्हणून ठेवू?"

सरांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दूध गॅसवर चढवलं. पलीकडे तिच्या खोलीत पंखा की हीटर काहीतरी घरघरत होतं; ते ऐकत त्यांनी चहा टाकला, कप घेतला, डबा उघडून एक चमचा साखर घातली आणि चमचा पुन्हा डब्यात वाजला.

"पप्पा," एंजल म्हणाली, "दुसरा चमचा नको."