दोन भोकांचं मत

वातुलेंबू गावात उपकार विसरलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. गावाला याचा फार अभिमान होता, आणि विर्योनो लुराहांना याचा फार उपयोग होता.

विर्योनो गावाचे प्रमुख. सगळे त्यांना लुराहसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणी नारळाच्या झाडावरून पडलं, की लुराहसाहेबांची पांढरी गाडी दारात हजर. ती त्यांच्याच अंगणात उभी असायची, किल्ली त्यांच्याच खिशात असायची, आणि तिच्यातून एकदा जाऊन आलेलं घर जन्मभर त्यांचं मिंधं व्हायचं. त्यांनी कधी तसं मागितलं नाही. पण लोक वाकून आभार मानू लागले की ते थांबवतही नसत.

प्राथमिक शाळेतली सुलार्सी मास्तरीण या मिंध्या घरांपैकीच एका घरातली. तीन वर्षांपूर्वी ऐन ईदच्या दुपारी तिच्या नवऱ्याच्या, मार्सुदीच्या छातीत कळ आली. सणाच्या दिवशी ना रिक्षा, ना ड्रायव्हर. ती अनवाणी धावत लुराहांच्या घरी गेली, तर पाहुण्यांनी भरलेल्या घरात ते जेवायला बसले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, हात कमरेच्या लुंगीला, सरोंगला पुसले आणि स्वतः गाडी काढली. दवाखान्यातल्या बाकावर डॉक्टर बाहेर येईपर्यंत ते तिच्या शेजारी बसून राहिले. मार्सुदी वाचला. तेव्हापासून दर ईदला नारळाच्या दुधातल्या कोंबडीचं पहिलं पातेलं सुलार्सीच्या घरातून लुराहांकडे जायचं, आणि मगच घरातली माणसं जेवायची.

निवडणूक समितीची अध्यक्ष म्हणून तिचं नाव लुराहांनीच सुचवलं. "बाई सरळ आहेत," ते म्हणाले, आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या मुर्तिनीबाईंनीही मान डोलावली. मुर्तिनीबाईंची रोपवाटिका होती. बोलायला फटकळ, हिशेबाला चोख. सहा वर्षं त्या एकच प्रश्न विचारत आल्या होत्या: वरच्या वाडीला नळ का नाही? पाइप येऊन चावडीमागे गंजले, पण वाडीतल्या बायका अजून झऱ्यावरूनच कळशा वाहत होत्या. लुराह प्रत्येक वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

मतदानाच्या दिवशी सकाळीच चावडी भरली. रिवाजाप्रमाणे दोन्ही उमेदवार ठेवणीतल्या कपड्यांत, केळीच्या खुंटांनी सजवलेल्या खुर्च्यांवर गावासमोर बसले. मत मोजून होईस्तोवर तिथून उठायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, असा नियम. लग्नातले नवरा-नवरी तरी मधेच पाणी प्यायला उठतात. यांना तीही सोय नव्हती.

सुलार्सीने आपलं मत पहिल्या तासातच दिलं. इथे शिक्का नसतो, उमेदवाराच्या फोटोला खिळ्याने भोक पाडायचं. पडद्यामागे स्पंजच्या गादीवर कागद ठेवला, दोरीला बांधलेला खिळा उचलला आणि लुराहांच्या फोटोच्या मधोमध खुपसला. मन जराही डगमगलं नाही. जांभळ्या शाईत बोट बुडवताना तिला हलकं वाटलं, ऋणातला एक लहानसा हप्ता फेडल्यासारखं.

दुपारी मोजणी सुरू झाली. इथे कागद एकेक करून उघडायचा, सगळ्या गावाला दिसेल असा उंच धरायचा, भोकातून उजेड दाखवायचा, अध्यक्षांनी नाव पुकारायचं आणि गावाने ओरडायचं, "साह!" म्हणजे खरं, मान्य. पोरंबाळंसुद्धा ओरडतात. मग फळ्यावर रेघ पडते.

"विर्योनो!"

"साह!"

"मुर्तिनी!"

"साह!"

आणि मग एक कागद असा आला की त्यातून दोन जागी उजेड आला.

कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात दोन फोटो होते, वरच्या अर्ध्यात नुसता मथळा, आणि तो वरचा भाग मागे दुमडलेला. कुणीतरी घडी पुरती न उघडताच खिळा दाबला होता. तो फोटोतून आरपार जाऊन मागच्या मथळ्यातही घुसला होता. समितीला मिळालेल्या नियमांच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ज्याच्या चौकटीत भोक त्याला मत. दुसऱ्या भोकाबद्दल चकार शब्द नव्हता.

लुराहांचा माणूस कुस्वान्तो ताडकन उठला. "दोन भोकं! बाद करा!"

"का म्हणून बाद? फोटो एकच फुटलाय ना?" मुर्तिनीबाईंचा भाऊ ओरडला.

सुलार्सीने त्याच क्षणी निवाडा द्यायला हवा होता. तिला तो ठाऊकही होता. पण भोक मुर्तिनीबाईंच्या फोटोत होतं, आणि खुर्चीवरून लुराह तिच्याकडे पाहत होते. "बाजूला ठेवू," ती म्हणाली. "असे आणखी निघाले तर शेवटी सगळ्यांचा एकदमच ठरवू."

तिथेच घोळ झाला. असे कागद निघतच राहिले. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी कागद जेमतेम उघडला होता, कुणाच्या घरात डोकावताना दार किलकिलं करावं तसा. आणि प्रत्येक कागद गावाने उंच धरलेला पाहिला होता. संध्याकाळी फळ्यावर लुराह अकरा मतांनी पुढे होते, टेबलावर दोन भोकांचा जाडसर गठ्ठा होता, आणि त्यातले बहुतेक मुर्तिनीबाईंचे आहेत हे शेंबड्या पोरालाही कळलेलं होतं. आता प्रश्न कागदाचा उरला नव्हता. मास्तरीणबाई कुणाला बसवतात आणि कुणाला उठवतात, एवढाच उरला होता.

"बाई," कुस्वान्तो गोड आवाजात म्हणाला, "ज्यांना साधा कागद उघडता येत नाही, त्यांना मत कुणाला दिलं ते तरी कळलं असेल का? आणि वरच्या वाडीतल्या आजाऱ्यांसाठी गाडी कुणी काढली आजवर? ती माणसं लुराहसाहेबांच्या विरोधात जातीलच कशी? चुकून खिळा बसलाय तो. तुम्हीच सांगा, तुमच्या घरावर कुणाचे उपकार आहेत?"

गर्दीत मार्सुदी उभा होता. त्याने छातीवर हात ठेवला. मुद्दाम नसेल ठेवला, पण सुलार्सीला दिसला.

तेवढ्यात वरच्या वाडीतली रुबियेम आजी कमरेवर हात ठेवून उठली. "ए कुस्वान्तो, आंधळी म्हण, अडाणी म्हण, पण खुळी म्हणू नकोस."

"आजी, तसं नव्हतो म्हणत मी..."

"माझ्या सुनेला त्या गाडीनं दवाखान्यात नेलं. नातू झाला. रोज नमाजात लुराहांसाठी दुवा मागते मी, विचार कुणालाही. पण पाणी मी अजून झऱ्यावरूनच आणते, बाबा. आभार वेगळे, मत वेगळं. आभार रोज मानता येतात. मत सहा वर्षांतून एकदाच मिळतं, ते मी दुव्यात उधळू होय?"

हशा पिकला. अगदी लुराहांच्या बाजूचेही हसले. पण सुलार्सीला हसू आलं नाही. सकाळी पडद्यामागे तिने आपलं मत दुव्यातच तर उधळलं होतं. त्याची तिला लाज वाटली नाही; ते तिचं होतं, तिने हवं तिथे दिलं. पण टेबलावरचा गठ्ठा तिचा नव्हता. ऋण तिच्या घरचं, आणि ती ते रुबियेम आजीच्या खिशातून फेडायला निघाली होती.

तिने सकाळी फाटलेला एक खराब कागद घेतला. तसाच अर्धवट दुमडला, सगळ्यांसमोर खिळा दाबला, उघडला आणि उंच धरला. दोन जागी उजेड आला.

"खिळा एकदाच दाबला," ती म्हणाली. "माणसाने एकदाच सांगितलं. आपण दोनदा ऐकलं असेल तर तो कागदाचा दोष. फोटोच्या चौकटीत भोक एकच आहे, तर मत खरं. ज्यांच्या फोटोत आहे, त्यांना."

मग ती स्वतःच ओरडली, "साह!" आणि गाव तिच्या मागून ओरडलं.

गठ्ठा मोजला. लुराह हरले. ते खुर्चीवरून उठले, मुर्तिनीबाईंना हात जोडले, टेबलाशी येऊन निकालावर सही केली. सुलार्सीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

घरी मार्सुदी जेवला नाही. "तू बरोबर केलंस," तो म्हणाला, "पण उद्या त्यांच्यासमोरून मी कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि भिंतीकडे तोंड करून निजला. सुलार्सी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडली. निवाडा चुकला असं तिला एकदाही वाटलं नाही. पण बरोबर वागूनही माणूस इतकं एकटं पडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी तिने कोंबडी शिजवली. ईद नव्हती, काही नव्हतं. पातेलं फडक्यात बांधून ती लुराहांच्या घरी निघाली. तोंडावर दार बंद झालं तरी पातेलं ओट्यावर ठेवून यायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

लुराह अंगणात होते. साधी बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेलं सरोंग, हातात ओलं फडकं. पांढऱ्या गाडीच्या दारावर चिकटवलेलं स्वतःचंच निवडणुकीचं पोस्टर ते नखांनी खरवडत होते. अर्धा गाल आणि एक कान निघाला होता.

"या बाई," ते न वळता म्हणाले. "बघा, किती घट्ट चिकटवलं होतं पोरांनी."

तिने पातेलं खाली ठेवलं आणि दुसरं फडकं उचललं. दोघं खरवडत राहिले. पोस्टरखालून निळी अक्षरं निघू लागली. वातुलेंबू गावाची मालमत्ता. गाडी आली तेव्हापासूनच ती अक्षरं तिच्यावर रंगवलेली होती. गावातल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी वाचलेली होती, आणि वाचूनही सगळे तिला लुराहसाहेबांची गाडी म्हणत होते. सुलार्सीही.

"तुम्ही तीन वर्षं पातेलं आणलंत," लुराह म्हणाले. "गाडी तुमची. पेट्रोल तुम्ही भरलेल्या घरपट्टीतलं. आणि मी पातेलं घेत गेलो. एकदाही म्हणालो नाही, की बाई, हे तुमचंच तुम्हाला दिलंय. म्हणायला हवं होतं. पण लोक वाकले की बरं वाटतं हो. इतकं बरं वाटतं, की पाइप गंजलेले दिसत नाहीत."

सुलार्सीचे डोळे भरून आले. "गाडी गावाची होती, खरं आहे," ती म्हणाली. "पण सणाच्या ताटावरून उठलात ते तुम्ही. माझ्या शेजारी बाकावर बसलात ते तुम्ही. ते काही गावाच्या मालमत्तेत लिहिलेलं नाही. त्याचे आभार मी मरेपर्यंत मानणार, तुम्ही लुराह असा नाहीतर नसा. म्हणून तर आज आले. तुमच्याकडे द्यायला काही नसताना आणलेलं हे पहिलंच पातेलं आहे, साहेब."

विर्योनोंनी ओल्या फडक्यानेच तोंड पुसलं. गालावर निळा रंग लागला. मग त्यांनी पातेल्याचं झाकण उघडून वास घेतला, आणि जरा वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, एक विचारू? तुम्ही स्वतः मत कुणाला दिलंत?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढं बोलली असती तर या माणसाच्या मनाला किती गार वाटलं असतं, हे तिला दिसत होतं. आपल्यालाही वाटलं असतं.

"ते सांगायचं नसतं, साहेब," ती म्हणाली.

विर्योनो तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले, कालपासून पहिल्यांदाच.

"बरं केलंत," ते म्हणाले. "सांगितलं असतंत, तर आता मी तुमचा मिंधा झालो असतो."

त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली आणि दोन ताटं वाढायला सांगितली.