पेढ्याचा पितळी ठसा

स्वरूपाला कळंबला सून होऊन वर्ष होत आलं, तरी सासऱ्यांशी तिचं बोलणं चार शब्दांपलीकडं गेलं नव्हतं. श्रीपती आबांनी चौतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला होता. त्या गोंगाटानं कान जवळजवळ गेले होते. घरातले त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलत. स्वरूपाला सासऱ्यांपुढं तसं करणं अवघड वाटे.

काटेवाडीची नणंद राजेश्वरी घरच्या दुधाचे पेढे करून बारामतीत विकायची. एकदा तिनं फोन केला. "वहिनी, पेढ्यावर माझं नाव उठंल असा पितळी ठसा कर की."

स्वरूपाकडं टेबलावर मावेल एवढं, संगणकावरून चालणारं कोरीवकामाचं सीएनसी मशीन होतं. आजवर त्यावर तिनं लाकूड कापलं होतं, पितळ कधीच नाही. भीतीपोटी तिनं कटर मुंगीच्या पावलानं चालवलं. फेरे मिनिटाला बारा हजार, पण पुढं सरकणं जेमतेम साठ मिलिमीटर. मशीन थरथरत किंचाळलं, अक्षरांच्या कडा खरबरीत झाल्या आणि दुसऱ्या तुकड्यावर तर कटरच मोडलं.

ती हिरमुसून बसली होती तेवढ्यात आबा पडवीत आले. त्यांनी टेबलावर पडलेला चुरा चिमटीत घेऊन बोटांवर चोळला.

"हे पीठ हाय," ते म्हणाले. "रवा पडाय पायजे."

स्वरूपानं मोडलेलं कटर त्यांच्यापुढं धरलं.

"लई जपतीयास त्याला. कटर कापत न्हाय, नुसतं घासतंय. मशीन हलकं हाय, तवा एका बारीला थोडंच खोल जा. पर पळव. आन् कटर कोरं घे, बोथट पितळंला चालत न्हाय."

तिनं कागदावर आकडे लिहून दाखवले: फेरे दहा हजार, खोली दोन दशांश मिलिमीटर, सरकणं मिनिटाला दीडशे. आबांनी दीडशेवर काट मारली आणि तीनशे लिहिलं.

तिनं जीव मुठीत धरून मशीन सुरू केलं. आबांनी टेबलावर तळवा टेकला आणि तिलाही खुणावलं. तिनं शेजारी हात ठेवला. मघाची थरथर गेली होती. हाताखाली नुसती एकसुरी गुणगुण, आणि कटरभोवती पिवळाधमक रवा उडत होता.

"कळतंय का?"

तिनं मान हलवली. मग न लाजता हवेत हातानं सरळ रेघ ओढून दाखवली. आबा हसले. "व्हय. अगदी सरळ."

संध्याकाळपर्यंत दोघंही तिथून उठली नाहीत. आबा तिला पितळेबद्दल, तांब्याबद्दल, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका हट्टी तुकड्याबद्दल सांगत राहिले. सासूबाई चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला.

रविवारी राजेश्वरी खवा घेऊन आली. उलट कोरलेला ठसा दाबताच पेढ्यावर तिचं नाव सुबक उठलं. पहिला पेढा तिनं वडिलांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो सरळ तोंडात टाकला.

"आबा, नाव तर वाचायचं," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"गडबडीत ऱ्हायलं," आबा म्हणाले. "दुसरा दे, वाचून खातो."