पट नऊशे चार

लांब घंटा सुरू झाली आणि भूगोलाच्या बाईंची पट्टी नकाशावर टेकायच्या आत अख्ख्या शाळेनं आरोळी ठोकली. बाकं बडवली गेली, दप्तरं छतापर्यंत जाऊन आली. आमच्या शाळेत तास संपला की एक ठोका, मधल्या सुट्टीला दोन, शाळा सुटताना तीन, आणि थांबायचं नाव न घेणारी घंटा म्हणजे अवचित सुट्टी. कारण विचारायची पद्धत नव्हती. कुणीतरी मोठं माणूस गेलेलं असायचं. आम्ही मनातल्या मनात त्याचे आभार मानून घरी जायचो.

मी आठवीत होते आणि ओरडण्यात वर्गात पहिली. अभ्यासात मी इतरांना संधी देत असे.

मैदानावर आलो तेव्हा हेडसर पायरीवर उभे होते. घंटेखाली शिपाईमामा होते. घंटा थांबली होती, पण हातोडी खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दोन मिनिटं म्हणून बोलावून पुढचा तास खाणं हा हेडसरांचा लौकिक. त्या दिवशी ते तीन वाक्यं बोलले. देशातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज पहाटे बुडालं. रेडिओवर बातमी आली आहे. जहाजावर नऊशेच्या वर माणसं होती.

आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. नऊशे हा आकडा आम्हाला बेरजेपुरता ठाऊक. रांगांमधली कुजबुज चालूच राहिली. तेव्हा गणिताचे सर, जे फळा सोडून कुणाशी बोलत नसत, पुढे आले.

"आपला पट नऊशे चार आहे," ते म्हणाले. "जरा मागे वळून बघा."

आम्ही वळलो. पाचवीची पिल्लं, दहावीतले मिसरूड फुटलेले, सुटलेल्या नाड्या, शाईचे हात, एक रांग, तिच्यामागे दुसरी, आणि संपेचनात. शेवटची रांग भिंतीला टेकली होती. एवढे सगळे. एवढे सगळे पाण्याखाली. मैदान हळूहळू इतकं गप्प झालं की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती. ही शांतता हेडसर वीस वर्षं मागत होते. मिळाली, तर ते खाली बघत राहिले.

"अगं," शेजारची मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "मामांचा मुलगा त्याच जहाजावर आहे ना?"

होता. सगळ्या शाळेला माहीत होतं. मुलगा जहाजाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचा. मामा मात्र म्हणत, "जहाज चालवतो कप्तान. कप्तानाला चालवतं पोट. मग जहाज चालवतं कोण, सांगा बरं?"

आणि घंटा देत होते तेच. आणि आम्ही आरोळी ठोकली होती.

"मामा, तुम्ही घरी जा," हेडसर म्हणाले. "शाळा सोडतोय."

"सोडू नका, साहेब."

"अहो, वरून आदेश आहे सुट्टीचा."

"वाचलेल्यांची नावं सांगणार आहेत रेडिओवर. माझ्याकडे कुठला रेडिओ?"

"मग कार्यालय उघडं ठेवतो. बसा तुम्ही दिवसभर."

"नुसतं बसवणार नाही मला." मामांनी आमच्याकडे पाहिलं. "घरी तरी कोण आहे? पोरं असू द्यात. घंटा देता देता ऐकतो."

परिपत्रकातला स्वल्पविरामही पाळणाऱ्या हेडसरांनी त्या दिवशी वरचा आदेश मोडला. आम्ही वर्गात गेलो. कुणी कुरकुरलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आमचा वर्ग कार्यालयाला लागून. रेडिओ खिडकीत, क्लार्क त्याला कान लावून, आणि मामा बाहेर स्टुलावर. दर तासाला नावांची यादी यायची. भूगोल झाला, इतिहास झाला. इतिहासाच्या सरांनी लढाई शिकवली आणि किती मेले ते गाळलं. यादी संपली की मामा उठायचे, घड्याळ बघायचे, एक ठोका द्यायचे. ना मिनिट आधी, ना मिनिट नंतर. पोटचं पोर पाण्यात असताना माणूस साडेबारा म्हणजे साडेबाराच वाजवतो, हे आम्ही तोंडाचा आ वासून बघत होतो.

शेवटच्या तासाला क्लार्कनं रेडिओ बंद केला. शिक्क्याखेरीज कशालाही हात न लावणारा माणूस, त्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"शोध थांबवला म्हणतात. यादी पूर्ण झाली."

"पुन्हा एकदा वाचणार असतील."

"नाही, मामा."

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायला चार मिनिटं होती. ती चार मिनिटं ते हातोडी धरून उभे राहिले. मग तीन ठोके दिले.

कुणी उठलं नाही. मामा रोजच्यासारखे खिडक्या लावत आमच्या वर्गात आले. मी कशीबशी उभी राहिले.

"मामा, सकाळी आम्ही... आम्हाला माहीत नव्हतं हो."

"सुट्टी म्हटल्यावर पोरं ओरडणारच की गं," मामा म्हणाले. "निघा आता. उशीर झाला की घरची माणसं काळजी करतात."

आणि ते खिडकीकडे वळले. कडी नेहमीची, सवयीची. पण ती लागायला बराच वेळ लागला.