पारूबाईवरच्या चादरी

आमच्या आईचा पुतळा बघायचाय? मग विद्यापीठात या. सोलापुरातनं रिक्षा करा. गेटातनं आत आलात की डाव्या हाताला चादरींचा एक ढीग उभा दिसंल. ती आमची आई, पारूबाई.

मी जोतीराम, हितला शिपाई. विद्यापीठाला जागा पायजे हुती तवा आईनं माहेरची अकरा एकर विहिरीसकट फुकट दिली. "पोरी शिकतील की," एवढंच म्हणाली, आन् वर्साच्या आत गेली. तिचा पुतळा बसवायचा ठराव लगेच झाला. पुतळा घडायला बारा वर्सं लागली.

अडचण फोटोची. आई क्यामेऱ्याला लई भ्यायची. एका लग्नाच्या फोटोत ती हाय, पण दिसतो नुसता पदर. म्हणून बार्शीचा मूर्तिकार आमच्या आप्पांपाशी, म्हंजे वडलांपाशी, चार दिवस येऊन बसला. नाक कसं हुतं? आप्पा म्हणाले, "नाकासारखं." हनुवटी? "हुती की." मूर्तिकारानं कपाळाला हात लावला. शेवटी आप्पांना एक आठवलं. डाव्या हाताची करंगळी विळ्यानं कापली हुती, ती वाकडीच राहिली. मूर्तिकारानं तेवढंच लिहून घेतलं.

पुतळा चबुतऱ्यावर चढला. पाहुणा येऊन अनावरण करंस्तवर वर चादर टाकली. सोलापूर हाय, चादरीला काय तोटा! पण पाहुण्याची तारीख मिळंना. मिळाली तर आचारसंहिता लागली. मग कुलगुरू बदलले. मग कोरोना. मग पाहुणाच निवडणुकीत पडला, आन् दुसरा शोधायचा ठराव झाला. असं करत नऊ वर्सं गेली.

उन्हानं चादर विरली की नवी टाकायचं काम माझं. पण कुलसचिव अण्णाराव सायबांचा हुकूम, जुनी काढायची न्हाय. काढली की अनावरण झालंच म्हणं! म्हणून जुनीवर नवी. त्यात परीक्षेच्या टायमाला पोरं नवस बोलायला लागली. पास झाली की आपापली चादर आणून घालत्यात. कुणाला देवी वाटती, कुणाला पीर. माझी आई अंगठाबहाद्दर, आन् तिच्या जिवावर लोकं एमए व्हायला लागली.

यंदा आप्पांची नजर जायला लागली. वय त्र्याऐंशी. डोळ्याचा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू हाय, दसऱ्यापतूर धरून चाला. घरी येऊन आप्पा म्हणाले, "जोती, एकदा तिचं त्वांड दाव रं. मला आता आठवंना झालंय."

मी अर्ज दिला. सायेब म्हणाले, "अनावरणाआधी पुतळा बघणं नियमात बसत नाही, जोतीराम." दुसरा दिला. तिसऱ्या अर्जाला सायबांनी आप्पांच्या नावाचा पास काढून दिला. समारंभाला पुढची रांग, खुर्ची नंबर चार. तारखेची जागा मोकळी. "आता खूश?" म्हणाले. खूश! आग लागो त्या खुर्चीला, असं मनात म्हणलं आन् तोंडानं थँक्यू म्हणलं.

रविवारी भर दुपारी आप्पांना घिऊन गेलो. नोकरी गेली तर गेली खड्ड्यात. स्टुलावर चढून चादरी काढल्या. एकवीस निघाल्या.

आप्पांना हात धरून चबुतऱ्यावर चढवलं. नाकाला नाक लागंल इतके ते जवळ गेले. लई येळ बघितलं.

मी म्हणलं, "आप्पा, आईच हाय न्हवं?"

"न्हाय," ते म्हणाले. "ही कोण बाई हाय, देवाला ठावं."

मला रडूच कोसळलं. नऊ वर्सं मी कुणा परकीला पांघरूण घालत हुतो. आप्पा मात्र चाचपत चाचपत तिच्या डाव्या हातापतूर गेले. करंगळीशी थांबले. जत्रंत हरवू नये म्हणून धरत्यात तशी ती धरून उभे राहिले.

"हितं हाय," म्हणाले. "एवढी हाय." मग म्हणाले, "झाक आता. ऊन लागंल तिला."

एकवीसच्या एकवीस चादरी परत घातल्या.

दसऱ्याला आप्पांची नजर गेली. आता दर रविवारी मी त्यांना घिऊन जातो. ते चबुतऱ्यावर बसत्यात, चादरींखाली हात घालत्यात आन् करंगळी धरून ठेवत्यात.

परवाच्या रविवारी सायबांनी तिथंच गाठलं. "जोतीराम, हे काय चाललंय? नियम माहीत आहे ना?"

"माहीत हाय की सायेब," मी म्हणलं. "बघायला बंदी हाय. आप्पा कुटं बघत्यात?"

सायबांचा आवाज ऐकून आप्पांनी दुसऱ्या हातानं खिशातला पास काढला आन् त्यांच्या दिशेनं धरला. करंगळी काय सोडली न्हाय.

"सायेब, खुर्ची नंबर चार," आप्पा म्हणाले. "कुटं ठिवलीया?"

सायबांनी पास हातात घेतला, दोन्हीकडनं वाचला. मग सोताच आत गेले आन् हापिसातनं खुर्ची उचलून घिऊन आले.