डावीकडचं गटार

कोल्हापुरातल्या पिंपळ तालमीच्या फुटबॉल संघासाठी आकाराम एकच काम करायचा, पण ते दुसऱ्या कुणाला जमत नसे. सामना ठरला, की समोरच्या संघाचा आधीचा खेळ बघून यायचं आणि त्यांच्या बचावात भगदाड कुठे आहे ते पोरांना सांगायचं. वीस वर्षं गोलकीपर होता. बचाव करणाऱ्यांच्या पाठी त्याला तोंडपाठ होत्या. आता गुडघे गेले होते, नजर शाबूत होती. पण कप्तान राजवीरला तेही पटेनासं झालं होतं. मोबाईलवर सगळं दिसतं, मामांना कशाला पाठवायचं, असं तो उघड म्हणायचा. त्यामुळे हौद तालमीशी होणारी फायनल ही आकारामचीच परीक्षा होती.

हौदचा बचाव म्हणजे स्टॉपर अमरेश. हा आकारामच्याच गल्लीत वाढलेला. सहा वर्षांचा होता तेव्हा चेंडू अडवायला त्याला आकारामनेच शिकवलं. पुढे बापाने हौदाजवळ घर घेतलं आणि पोरगं तिकडून खेळू लागलं. कोल्हापुरात माणसाने घर बदललेलं चालतं, धंदा बदललेला चालतो, पण तालीम बदललेली चालत नाही. आकाराम आठ वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. राग होताच, पण त्या रागाच्या निमित्ताने का होईना, पोराची आठवण रोज निघायची.

पिंपळ आधीच फायनलला पोचली होती. हौदच्या सेमीफायनलला आकाराम तोंडाला मफलर गुंडाळून थेट हौदवाल्यांच्या गर्दीत जाऊन बसला. शेजाऱ्याला आपण मुरगूडचे म्हणून सांगितलं. अर्धा तास बरा गेला. मग हौदचा बॅक उगाच पुढे पळत सुटला, मागे रान मोकळं पडलं आणि आकारामला काही राहवलं नाही.

"आरं, लाईन धर की! कुठं निघालास?"

आवाज अख्ख्या मैदानावर गेला. ज्यांची भगदाडं शोधायला आलो, त्यांचंच भगदाड बुजवतोय हे त्याच्या ध्यानात आलं, पण उशिरा. शेजाऱ्याने खूश होऊन शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला आणि पावणं, तुम्ही खेळलेलं दिसताय, असं म्हणाला. बाकी कुणाला काही कळलं नाही असं समजून आकारामने मफलर सारखा केला.

थोड्या वेळाने त्याला हवं ते दिसलं. डाव्या खांद्यावरून चेंडू आला, की अमरेश डावीकडे वळत नव्हता. उजवीकडून अख्खी गिरकी घेऊन मग मागे पळायचा. असं तीनदा झालं. हौद तीन गोलांनी पुढे होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आकारामला मात्र त्याचं कारण ठाऊक होतं. गल्लीत डाव्या अंगाला उघडं गटार होतं. डावीकडं वळायचं न्हाई, हे त्यानेच हातात छडी घेऊन पोराला घोकायला लावलं होतं. ती गल्ली अजून पोराच्या पायात होती.

घरी त्याला जेवण जाईना. बायकोने, बनाबाईने, खोदून विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, चूक तुमची आणि मार पोराला बसणार, हे काही बरं नव्हे, सांगू नका. तो दोन दिवस तालमीकडे फिरकला नाही. गप्प बसावं तर तालमीशी बेइमानी, आणि बोलावं तर ज्या पोराने डोळे मिटून ऐकलं त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी तो तालमीत गेला आणि फळ्यावर खडूने आकृती काढली. प्रत्येक चेंडू अमरेशच्या डाव्या खांद्यावरून टाका. राजवीर आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाया पडला, पण आकारामला त्यात सुख वाटलं नाही.

फायनलला पहिलाच चेंडू डाव्या खांद्यावरून गेला. अमरेश झटक्यात डावीकडे वळला आणि त्याने चेंडू लांब पिटाळला. दुसऱ्यांदाही तसंच, पाचव्यांदाही तसंच. पिंपळची पोरं हट्टाने त्याच बाजूला आपटत राहिली आणि एका गोलाने हरली. मामांची नजर गेली, असं राजवीरने चारचौघांत सुनावलं. आकाराम मान खाली घालून उभा होता, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पाया पडलं. घामाने निथळणारा अमरेश होता.

"मामा, डावीकडं वळाय मी कवाच शिकलोय," तो हळू आवाजात म्हणाला. "सेमीला तुमचा आवाज ऐकला आन् कळलं, मामा बघाय आल्यात. म्हणून मुद्दाम तसा वळलो. ते गटार तुमच्याबिगर कुणाला ठावं हाय?"

आकारामला राग यायला हवा होता. तो आलाही, पण छाती अभिमानाने अशी भरून आली की राग टिकला नाही. अमरेश मात्र हसत नव्हता.

"पर एक मन सांगत हुतं," तो म्हणाला, "मामा ह्ये कुणाला सांगायचं न्हाईत."

आठ वर्षांनी आकारामने पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरला ये," तो म्हणाला. "मामीला भेटून जा. ती सांगू नका म्हणत हुती."