बरणीतला घेवडा

खरेदी केंद्रातल्या टेबलावर काचेची एक बरणी होती आणि तेवीस घरांचं नशीब तिच्यात बंद होतं. आत घेवडा. टपोरा, तांबूस, एकसारखा. कोणी पोतं आणलं की कंपनीच्या मॅडम त्यातले मूठभर दाणे ताटलीत घ्यायच्या, बरणीशेजारी धरायच्या आणि ओठ मुडपून म्हणायच्या, "मावशी, असा हवा हो, असा." यंदा तेवीस पोत्यांपैकी सतरा आल्या पावली परत गेली होती.

"पोटची पोरं एकसारखी निघाली नाहीत, तिथं घेवडा कुठून निघणार?" टकळी म्हणाली. तोंडाला विसावा नव्हता म्हणून तिचं हे नाव पडलेलं. बाकावरच्या बायका खुदखुदल्या. थोरल्या जावेशेजारी बसलेल्या धाकटीला मात्र हसू येईना. कडेवरची तान्ही तिने या अंगावरून त्या अंगावर घेतली.

बरणी तिनेच भरली होती.

गेल्या साली कंपनी इथे नवीन होती. छोट्या शेतकऱ्याचा माल थेट घ्यायचा, मध्ये दलाल नको, विषारी फवारणी नको, भाव आधीच ठरलेला. मॅडम हे सगळं मनापासून बोलल्या होत्या. मागणं एवढंच, की तेवीस घरच्या बायकांच्या गटाने मालाचा एक नमुना द्यावा. धाकटी चार इयत्ता जास्त शिकलेली, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. तिने घरचा घेवडा सुपात घेऊन पाहिला. बरा होता, पण नुसता बराच. मग तिची नजर कोपऱ्यातल्या मडक्यावर गेली. त्यात राखेत घोळवून ठेवलेलं बियाणं होतं. थोरल्या जावेने पंधरा वर्षं, दर हंगामात शंभरातला एक दाणा उचलून जपलेलं. धाकटीला वाटलं, मुलगी दाखवताना कोणी तिला फाटके कपडे घालतं का? तिने राख पाखडली आणि अख्खं मडकं नमुन्याच्या पिशवीत रिकामं केलं. बघून झालं की पिशवी परत मिळेल, पेरणीच्या आधी पुन्हा मडक्यात टाकू, असं ती धरून चालली होती. शेजारणीला दाखवायला दिलेली वस्तू परत येते, तशी.

कंपनीने दाणे बरणीत भरले आणि झाकणाला सील ठोकलं.

पेरणीला थोरलीने मडक्यात हात घातला, तो तळाला लागला. "उंदरांनी खाल्लं," धाकटी म्हणाली. थोरलीने मडकं कोपऱ्यात पालथं घातलं. दोन दिवस जेवली नाही, एवढंच. मग बाजारातून मिळालं ते बी पेरलं, आणि पीकही तसंच आलं.

आज करार नव्याने व्हायचा होता. मॅडमचा आवाज बसला होता. "मी वर भांडले तुमच्यासाठी. पण ते म्हणतात, गेल्या साली यांनीच असा माल दाखवला, म्हणजे यांना जमतं. यंदा मेहनत कमी पडली. बरणीसारखाच माल देऊ, असं लिहून द्या. नाहीतर कंपनी मोठ्या मळेवाल्यांकडे जाईल."

मेहनत कमी पडली! बायकांच्या माना खाली गेल्या. थोरलीचीही गेली. शेतात कोणाच्या बापाला न झुकणारी ती मान धाकटीला बघवेना.

"मॅडम, ती बरणी खोटी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी भरली ती. त्यात बियाणं आहे, आमच्या ताईंनी पंधरा वर्षं निवडलेलं. असा घेवडा पोत्याने पिकत नाही. कोणाच्याच शेतात नाही."

थोरलीने वर पाहिलं. नुसतं पाहिलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे मी ऐकलं असेल तर मला लिहावं लागेल. लिहिलं की गटाने फसवलं असं होईल. फसवणाऱ्या गटाशी कंपनी व्यवहार करत नाही. बरणी बदलेल, पण ती दुसऱ्यांसाठी. तुम्ही नसाल." त्या थांबल्या. "सांगा, मी ऐकलंय का?"

टकळीने पदर तोंडाला लावला.

मग थोरली उठली. चारचौघांत हसावं लागतं तशी हसली. "हिचं काय मनावर घेता, मॅडम! आठ महिन्यांचं लेकरू, रात्रीची झोप नाही, काहीही बरळते. आमचं बियाणं उंदरांनी खाल्लं. हीच म्हणाली होती मला. काय गं?"

धाकटीने तान्हीला छातीशी धरलं. "हो, ताई."

"आणा तो कागद."

पहिला अंगठा थोरलीने उठवला. तिच्यामागे बाकीच्यांनी.

घरी येईपर्यंत थोरली चार पावलं पुढेच चालली. परत आलेलं पोतं तिने अंगणात चादरीवर ओतलं. धाकटी दारातच उभी राहिली.

"ताई, चुकलं माझं. शिव्या द्या, हवं तर दोन लगावा, पण बोला."

"बोलून बी परत येतं?"

तान्हीने भोकाड पसरलं. थोरलीने न बघताच हात पुढे केले. "दे तिला इकडे. निवडायला दोन्ही हात लागतात."

पोर मांडीवर गेली आणि गप्प झाली. धाकटी निवडत राहिली. किडका, फुटका, बारका, सुरकुतलेला असे ढीग वाढत गेले. ऊन कलेपर्यंत बरणीच्या तोडीचे निघाले ते तिच्या एका ओंजळीत मावले. बियाण्यासाठी पुन्हा मडकं भरायला घ्यायचं, तर सुरुवातीला एवढे पुरे होते. ओंजळ तशीच धरून ती थोरलीकडे बघत राहिली.

थोरली पोरीला थोपटत होती. "माझ्याकडे काय बघतेस? कंपनीच्या पोत्यात टाक," ती म्हणाली. "अंगठा दिलाय मी."