खोटं नाव सांगणारा फोन

कॉलिन वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला शिव्या घालणार आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ड्रायवॉटर बे इथे आमचा कॅरॅव्हान पार्क, म्हणजे चाकांवरची घरं उभी करायची जागा. कॉलिन मॅनेजर. मी ग्लेनिस, लाँड्री बघते आणि मागच्या कुंपणाशी माझ्याच जुन्या कॅरॅव्हानमध्ये राहते. इथे मोबाइलला रेंज नाही, सगळी मदार पार्कच्या वायफायवर. घर विकून कॅरॅव्हान ओढत देशभर हिंडणारी म्हातारी मंडळी आमच्याकडे उतरतात, आणि त्यांच्या फोनचं वायफाय सारखं तुटतं. कॉलिनने त्यावर इलाज शोधला होता. माणूस काउंटरवर आला की त्याचा फोन हातात घ्यायचा आणि 'खाजगी पत्ता' नावाचं बटण बंद करून टाकायचं. "तुमचा फोन सारखं नवं नाव सांगतो हो आजोबा, मशीनला वाटतं नवाच पाहुणा आला!" म्हातारे खूश. कुणी त्याला घरचा केक आणून द्यायचं. मग तर काय, कॉलिन हवेतच.

मंगळवारी ब्रॉनविन आली, लहानग्या लेकीला, एडीला, घेऊन. रात्री लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसली होती. केस वर बांधले तेव्हा कानामागचा भाजल्याचा डाग दिसला. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं.

"नवऱ्यापासून पळालेय. सोमवारी ॲडलेडच्या आश्रयघरात जागा रिकामी होतेय. तोवर लपायचं."

"मग लप की. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर तो कुठे शोधणार तुला?"

"डेरेन ह्या सगळ्या पार्कांत वायफाय बसवणाऱ्या कंपनीत आहे, ग्लेनिस. घरी बसून एका स्क्रीनवर बघतो, कुठल्या पार्कात कुठला फोन आहे."

"अगं मेले, मग फेक ना तो फोन समुद्रात!"

"आश्रयघराच्या बाई ह्याच्यावरच निरोप देणार. दुसरा घ्यायची ऐपत नाही. सिम बदललंय, पण फोनचा जन्माचा नंबर बदलत नाही आणि तो डेरेनला तोंडपाठ आहे." तिने मला ते बटण दाखवलं. "हे चालू आहे तोवर फोन वायफायला खोटं नाव सांगतो. आता एवढाच आडोसा आहे मला."

बाई हुशार होती. एका पार्कात दोन रात्रींच्या वर राहायचं नाही, असा तिचा नियम. गुरुवारी सकाळी मायलेकी पुढच्या पार्कात, केप हॉरोबिनला गेल्या. मी त्यांना अंड्याची सँडविचं बांधून दिली.

त्या गेल्यावर कॉलिन चहाचा कप घेऊन लाँड्रीच्या दारात आला. "गोड पोरगी होती ती. काल आई अंघोळीला गेलेली, ही फोन घेऊन माझ्याकडे. म्हणे कार्टून अडकलं. मी ते बटण बंद केलं, लागलीच सुरू!"

माझ्या हातातल्या चादरी खाली पडल्या.

"कुणी सांगितला होता रे तुला हा शहाणपणा? विचारलंस का तिच्या आईला? माणसाचा फोन म्हणजे तुझ्या बापाचा माल वाटला?"

"अगं, मी सगळ्यांचंच करतो! झालं काय?"

काय झालं ते सांगितलं तेव्हा त्याने कप खाली ठेवला. "पण ती गेलीये ना इथून," म्हणाला, "पुढच्या पार्कात काही मी बटण बंद केलेलं नाही."

पण केप हॉरोबिनसकट आमच्या मालकाच्या पाचही पार्कांत वायफायचं नाव एकच. पाहुण्यांना पुन्हा पुन्हा पासवर्ड घालायला नको म्हणून. एकदा जोडलेला फोन तिकडे आपोआप जोडला जातो, आणि इथे जी सेटिंग केली तीच तिकडे चालते. हे कॉलिननेच मला मागे कौतुकाने सांगितलं होतं. आता ते त्याच्याही ध्यानात आलं.

ब्रॉनविनचा नवा नंबर आमच्याकडे नव्हता. कॉलिनने केप हॉरोबिनला फोन लावला, नुसता वाजत राहिला. तिथली मॅनेजर बाई दुपारी दार लोटून मासे पकडायला जाते. पोलिसांना लावला, तर ड्यूटीवरचा एकुलता एक शिपाई हायवेवर कुठल्याशा अपघाताला गेलेला. "निरोप देतो," कंट्रोल रूमवाले म्हणाले. निरोप! मी चाव्या उचलल्या आणि गाडी काढली. त्या रस्त्यावर एवढ्या जोरात मी कधी गेले नव्हते. माझी म्हातारी गाडी थरथरत होती आणि मी तिलाही शिव्या देत होते.

केप हॉरोबिनला पोचले तेव्हा शिडी बांधलेली वायफाय कंपनीची गाडी ब्रॉनविनच्या केबिनसमोर उभी होती. डेरेन खुर्ची टाकून निवांत बसला होता. दिसायला चारचौघांसारखा, नीट दाढी केलेला. ब्रॉनविन सामान भरत होती. तिचा एक हात अंगाशी धरलेला, वापरत नव्हती.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," ब्रॉनविन माझ्याकडे न बघता म्हणाली. "मागच्या पार्कातली, कपडे धुणारी."

"पोलीस येतायत," मी म्हणाले.

"येऊ देत की," डेरेन हसला. "बायको-पोरीला घरी नेतोय. काय गं, तुझ्या मर्जीने येतेयस ना?"

"हो," ब्रॉनविन म्हणाली.

मी तिचा धड असलेला हात धरला, माझ्या गाडीकडे ओढला. तिने सोडवून घेतला आणि एडीकडे नजर टाकली. एडीला डेरेनने आधीच त्याच्या गाडीत मागे बसवून सीटचा पट्टा लावला होता.

ती बॅग आणायला आत गेली तेव्हा मी डेरेनच्या गाडीच्या खिडकीपाशी गेले. पोरीने हळूच काच खाली केली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मावशी, आई म्हणते मी कुणाला तरी सांगितलं," ती कुजबुजली. "मी नाही सांगितलं गं. खरंच नाही. तू सांग ना आईला."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या सीटवर डेरेन येऊन बसला आणि त्याने काच वर केली.